आल्फ्रेडच्या अबोलपणातला विनोद
जोनाथन फ्रॅन्झन यांच्या ‘द करेक्शन्स’ या कादंबरीतील (२००१) लॅम्बर्ट कुटुंबातले सगळेच आपमतलबी असल्यामुळे त्यांच्यावर हसूही येत नाही, असे एक मत आहे; ते मला चिपपुरते मान्य आहे, महागड्या दुकानातला साल्मन मासा चोरून पँटमध्ये कोंबणाऱ्या या मुलाची फार तर कीव येते. त्याच्या वडिलांचे, आल्फ्रेडचे, तसे नाही. पूर्ण पेन्शन अगदी हाताशी आलेली असताना हा रेल्वे इंजिनिअर नोकरी सोडतो, त्याचे कारण बायकोलाही सांगत नाही, आणि एनिड त्यावरून वर्षानुवर्षे धुसफुसत राहते.

अजनीच्या रेल्वे वसाहतीत वाढल्यामुळे काकूंचे सगळे गाऱ्हाणे पेपरच्या आडून ऐकून घेणारे असे काका मी जवळून पाहिले आहेत. नागपुरातील आमच्या वाचनगटात एनिडच्या कटकटीवर सर्वांत मोठ्याने हसले ते निवृत्त रेल्वेवालेच. तरुण मंडळी (बहुधा अजून पेन्शनचा हिशेब न केल्यामुळे) आल्फ्रेडच्या तत्त्वनिष्ठेवर गंभीरपणे वाद घालत होती.