सोव्हिएत प्रचार-कार्डे आणि आपले मेघदूत एकाच फलकावर लावावीत का?

बर्डीकर:
मंडळी, शाळेतल्या मुलांसाठी पोस्टकार्डांची मांडणी करायची आहे. आमच्या ओळखीच्या संग्राहकांचा बेत असा की बेल्जियमची पुब्लिबेल म्हणजे जाहिरातीची कार्डे, सोव्हिएत रशियाची 1927 ते 1934 मधली प्रचाराची कार्डे आणि आपले मेघदूत, म्हणजे डाक खात्याचे जाहिरात छापलेले स्वस्त पोस्टकार्ड, तिन्ही एकाच फलकावर शेजारी शेजारी लावायची. वेगळे काही लिहायचे नाही. मला हे अजिबात पटत नाही.

दिसायला साचा एकच आहे, मान्य. कार्ड डाक खात्याचे, तिकीट आधीच छापलेले, आणि पत्त्याच्या बाजूची जागा काढून तिथे मजकूर किंवा चित्र. पण बेल्जियममध्ये 1933 पासून ही जागा व्यापारी विकत घेत. आपला माल खपावा, एवढाच त्यांचा हेतू. रशियात जाहिरातदारही सरकार, छापणारेही सरकार आणि पत्र पोचवणारेही सरकार. औद्योगिकीकरणाचे कर्जरोखे घ्या, बचत बँकेत पैसे ठेवा, सामूहिक शेतीत सामील व्हा, चिंध्या आणि भंगार गोळा करून द्या, असले विषय. रोखे ‘स्वेच्छेने’ घ्यायचे म्हणत, पण कारखान्यात पगारातून कापून घेत. आणि 1932-33 मध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती, त्याच काळात कार्डे सामूहिक शेतीचे गोडवे गात होती. आईला खुशाली कळवणारा माणूस स्वतःच्या पैशाने सरकारची घोषणा घरोघर पोचवत होता. मुलांना हे न सांगता नुसते रंगीत चित्र दाखवायचे?

निवृत्त डाकवाला, काटोल:
भाऊ, तुम्ही मेघदूतला काहून ओढून राहिले त्यात? 2002 मध्ये साधं कार्ड 50 पैशाचं होतं अन् मेघदूत 25 पैशाचं. जाहिरातीचे पैसे आले म्हणून गरिबाचं पत्र निम्म्या किमतीत गेलं. मी काउंटरवर होतो न. गिऱ्हाईक चित्र पाहत नव्हतं, “स्वस्तातलं द्या” म्हणे. ज्याला जाहिरात नको त्यानं साधं कार्ड घ्यावं, ते खिडकीवर होतंच.

अन् खात्याचा हिशेबही पाहा. 2016-17 च्या अहवालात एका कार्डामागे बारा रुपयांवर खर्च दाखवला आहे, मिळतात 50 पैसे. ही तूट कुठून भरायची? पल्स पोलिओचा मजकूर कार्डावर गेला तर त्यात वाईट काय? पेपर न येणाऱ्या घरी पोस्टमन जातो. रशियाचं पाप आमच्या माथी मारू नका.

धंतोलीची वाचक:
काका, मेघदूतपुरतं तुमचं बरोबर आहे. पण आपलं सरकार नुसतं पोलिओवर थांबलं नव्हतं. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आणि घोषणा आंतरदेशीय पत्रांवर होत्या, टपालाच्या शिक्क्यांतही होत्या. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, देशात 82 लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. कित्येकांना धाकदपटशाने नेलं. सासरहून माहेरी लिहिलेल्या पत्रावर किती मुलं हवीत हे सरकार सांगत होतं, आणि ते पत्र घरातली चार माणसं वाचत होती.

मी इतिहास शिकवते. बर्डीकर दादा, रशियाच्या कार्डाखाली दुष्काळ लिहिणार असाल तर आपल्या पत्राखाली नसबंदी लिहा. नाहीतर मुलं समजतील की असलं फक्त परदेशात होतं.

महालचा संग्राहक:
मी बर्डीकर आणि ताई या दोघांशीही सहमत नाही. तुम्ही प्रदर्शन लावताय की खटला चालवताय? ही कार्डे छपाईची कला म्हणून पाहण्यासारखी आहेत. पाच-सहा सेंटिमीटरच्या जागेत ट्रॅक्टर, धुराडे, माणूस आणि घोषणा बसवायची, तीही एक-दोन रंगांत, आणि पत्त्याच्या ओळी मोकळ्या ठेवायच्या. आपल्या मुलांनी आधी ते डोळे भरून पाहावे.

शिवाय व्यापारी चांगला आणि सरकार वाईट ही रेघ टिकत नाही. इटलीने पहिल्या महायुद्धानंतर आपल्या कार्डांवर खाजगी जाहिराती घेतल्या. त्याच इटलीच्या डाक खात्याने 1942 मध्ये कार्डावर “आम्ही जिंकू” छापले. जागा तीच, मालक बदलला. आपल्याकडे 1951 मध्ये गांधीजींच्या चित्रांची कार्डे निघाली, तीही सरकारनेच काढली. त्यांनाही प्रचार म्हणणार का?

बर्डीकर:
ताई, तुमचे म्हणणे पूर्ण मान्य. आंतरदेशीय पत्र फलकावर येणार आणि त्याखाली आकडाही येणार.

महालच्या दादांनी दिलेले इटलीचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. एकदा पत्राच्या कागदावर जागा विकायची सोय झाली की सत्ताधाऱ्याला ती आयतीच मिळते. म्हणून चित्राच्या सौंदर्यावर थांबून चालत नाही. त्या काळात रशियात ग्लाव्हलित या सेन्सॉर कचेरीच्या परवान्याशिवाय काही छापताच येत नसे. म्हणजे उलट बोलणारे कार्ड निघणेच शक्य नव्हते. गांधीजींच्या कार्डाच्या वेळी सरकारवर टीका करणारी वर्तमानपत्रे नागपुरातही निघत होती. फरक तिथे आहे.

माझे म्हणणे एवढेच की प्रत्येक कार्डाखाली तीन गोष्टी लिहू: जागेचे पैसे कोणी दिले, घेणाऱ्याला साधे कार्ड मिळत होते का, आणि त्या वर्षी त्या विषयावर देशात प्रत्यक्ष काय चालले होते.

महालचा संग्राहक:
तिसऱ्या ओळीला माझा विरोध कायम. पहिल्या दोन तथ्ये आहेत. तिसरीत तुम्ही काय निवडता त्यावर मुलांचे मत ठरणार, आणि तोही प्रचारच. मुलांना कार्ड द्या, भिंग द्या, शिक्षकांना प्रश्न विचारू द्या.

धंतोलीची वाचक:
दादा, दुष्काळात मेलेल्यांची बाजू कार्डावर नाहीच. भिंगातून ती कशी दिसेल? ती कोणीतरी लिहूनच द्यावी लागते. निवड होणारच, तर ती उघड करू. कोणती माहिती का घेतली हे वर्गात मी स्वतः सांगेन.

निवृत्त डाकवाला, काटोल:
ताई, तुमच्या त्रिकोणाच्या पत्राबद्दल मी काही बोलत नाही, तेव्हाचं गावात पाहिलं आहे. आमच्या तालुक्यात माणसं रात्री शेतात झोपायला जात होती.

पण बर्डीकर भाऊ, मेघदूतखाली तुमच्या तीन ओळी खऱ्या खऱ्या लिहा. पैसे जाहिरातदारानं दिले, साधं कार्ड मिळत होतं, अन् गरिबाचं पत्र 25 पैशात जात होतं. ही शेवटची ओळ गाळली तर माझ्याकडची कार्डं मी देणार नाही.