यूसीएलएच्या फोनेटिक्स लॅबमध्ये काय आहे, आणि न्ह-म्ह मोजायला त्यातलं किती लागतं?

ओष्ठ्य: एम.ए.च्या प्रबंधासाठी मराठीतले न्ह, म्ह, ल्ह हे महाप्राण ध्वनी मोजायचे आहेत. वाचनात सारखा यूसीएलएच्या, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, फोनेटिक्स (ध्वनिविज्ञान) लॅबचा उल्लेख येतो. ती कशी उभी राहिली, तिथे कोणती साधनं वापरतात? आमच्या विभागात लॅपटॉप आणि एक माइक आहे, तेवढ्यावर काय जमेल?

स्वनरेखा: ध्वनिवैज्ञानिक पीटर लॅडेफोगेड यांनी ती १९६२ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केली आणि १९९१ पर्यंत चालवली. त्या काळी सगळी भिस्त सोनाग्राफवर, म्हणजे आवाजातल्या वारंवारतांचं चित्र काढणाऱ्या यंत्रावर. त्यात एका वेळी २.४ सेकंदांचाच आवाज मावायचा, फिरत्या ड्रमवरच्या कागदावर सुई तो जाळून उमटवायची. ३०० हर्ट्झचा फिल्टर लावला तर फॉर्मंट (तोंडातल्या पोकळीच्या आकाराने बळावणारे वारंवारतांचे पट्टे) दिसत, ४५चा लावला तर हार्मोनिक्स (आवाजाच्या मूळ वारंवारतेच्या पटी). आज प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोची (एका वेळी तपासायच्या तुकड्याची) लांबी ०.००५ सेकंद किंवा ०.०३ सेकंद ठेवली की तेच मिळतं, तेही फुकट. मला या लॅबचं सर्वांत मोठं काम वाटतं ते साधनं भाषकांपर्यंत नेण्याचं; निलगिरीतल्या तोडा भाषेचे कंपित ध्वनी असेच तपासले गेले. २००हून अधिक भाषांची त्यांची ध्वनिमुद्रणं नेटवर खुली आहेत, ती जरूर ऐका.

घोषतंतू: तुमच्या कामाला 'नाणं' आणि 'न्हाणं' ही जोडी उत्तम. दोन्हींत पुढे आ येतो. आ-चा पहिला फॉर्मंट बराच वर असतो, त्यामुळे तो पहिल्या दोन हार्मोनिक्सना फुगवत नाही. इ-ऊ घेतले तर नेमका हाच घोटाळा होतो. पहिल्या हार्मोनिकच्या पातळीतून दुसऱ्याची वजा करा. श्वासयुक्त घोषात, म्हणजे घोषतंतू (गळ्यातल्या स्वरतंतू) कंप पावताना सोबत श्वासही निसटतो तेव्हा, हा फरक वाढतो. मोजणी स्वराच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात करा, पुढे श्वास ओसरतो. अनुनासिकतेनेही हे आकडे हलतात, म्हणून न्ह-ची तुलना न-शीच करायची, ल-शी नाही. यूसीएलएतच तयार झालेलं व्हॉइससॉस हे सॉफ्टवेअर फॉर्मंटचा परिणाम वजा करून आकडे देतं.

मुद्रण ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. माइकची आपोआप पातळी राखणारी आणि गोंगाट काढणारी सोय बंद हवी, नाहीतर श्वासाचा आवाजच पुसला जातो. पंखा बंद ठेवा. शब्द सुटे न वाचता 'मी ... म्हणालो' अशा एकाच चौकटीत घ्या. काही जण 'न्हाणं' सावकाश वाचताना 'नहाणं' करतात; ते नमुने वेगळे काढा.

ओष्ठ्य: आणि हवेचा प्रवाह मोजायचा मुखवटा?

स्वनरेखा: नाक आणि तोंडाचे कप्पे वेगळे असलेला रोथेनबर्ग मुखवटा (हवेचा प्रवाह मोजणारा) असेल तर न्ह-साठी फारच उपयोगी. नाकाच्या दांड्यापाशी हवा गळते, तिथे घट्ट धरा, आणि दर सत्राआधी कॅलिब्रेशन (मापनाची जुळणी) करा. मुखवट्यातून घेतलेल्या आवाजावर फॉर्मंट मात्र मोजू नका. गळ्याला इलेक्ट्रोड लावून घेतात तो ईजीजी (इलेक्ट्रोग्लॉटोग्राफ) घोषतंतूंचा एकमेकांशी संपर्क दाखवतो. स्त्रियांमध्ये सिग्नल बहुधा क्षीण येतो.

घोषतंतू: यंत्राविना करता येणारी एक गोष्ट म्हणजे पॅलॅटोग्राफी, म्हणजे जीभ टाळूला कुठे लागते ते ठशावरून पाहणं. खाण्याजोगी कोळशाची पूड ऑलिव्ह तेलात कालवून जिभेला लावायची, एकच शब्द म्हणायचा, मग तोंडात आरसा धरून टाळूवरच्या ठशाचा फोटो. टाळूला एकदाच जीभ लागेल असे शब्द निवडा: 'आण', 'वात', 'वाट'. 'नाणं' घेतलंत तर दोन ठसे एकमेकांवर पडतील. दर शब्दानंतर चूळ भरून जीभ आणि टाळू कोरडी करायची, ओल्या टाळूवर ठसा पसरतो.