ओमचे आठ, ईशानचे चार

वैशाली (बी-३०२): मृण्मयी, आहेस का गं? ओम आणि ईशानची खाली जोरदार जुंपली. ओम म्हणतो, माझे आठ रोलर कोस्टर झाले. ईशान म्हणतो, आठ होऊच शकत नाहीत. ओम रडत वर आलाय. दोघंही तुझ्या कोस्टर मोजायच्या डायरीचं नाव घेतायत, तर आता निकाल तूच लाव.

स्नेहल (ए-५०१): आमचा ईशानही ऐकत नाहीये. माझे चारच आहेत पण खरे आहेत, हेच धरून बसलाय.

मृण्मयी (ए-२०३): आहे ताई. ओमला सांगा, रडू नको म्हणावं. आठही नावं लिहून टाक.

वैशाली (बी-३०२): त्याने वहीत लिहिलंय तसंच टाकते. पहिले सहा खोपोलीच्या इमॅजिका पार्कमधले. १ नायट्रो, पुढची रांग. २ नायट्रो, शेवटची रांग. ३ गोल्ड रश एक्सप्रेस. ४ स्क्रीम मशीन. ५ डेअर टू ड्रॉप. ६ राजासौरसची होडी. ७ माहीमच्या मेळ्यातली ड्रॅगन ट्रेन. ८ बंगळुरूच्या वंडरलातला रिकॉइल.

मृण्मयी (ए-२०३): ओम, हे तुझ्यासाठी लिहितेय, आईच्या फोनवर सावकाश वाच.

नायट्रो एकदाच मोजायचा. पुढच्या आणि शेवटच्या रांगेत फरक असतो आणि तो तुला कळला, याचं मला फार कौतुक वाटलं. शेवटचा डबा माथ्यावर येतो तोवर पुढचे डबे उताराला लागलेले असतात. ते मागच्यांना खेचतात, म्हणून मागे बसलं की सीटवरून कुणीतरी उचलल्यासारखं होतं. पण आपण कोस्टर मोजतो, फेऱ्या नाही. माझ्या नायट्रोवर १४ फेऱ्या झाल्यात, डायरीत नोंद एकच आहे. फेऱ्या लिहायच्या असतील तर शेजारी बारीक अक्षरात लिही.

स्क्रीम मशीन आणि डेअर टू ड्रॉप खोडायचे. दोन्ही जबरदस्त आहेत, मला दोन्ही आवडतात, पण एक मोठा लंबक आहे आणि दुसरा मनोरा. कोस्टर म्हणजे रुळावरून धावणारी गाडी. राजासौरस पाण्यातून जाणारी होडी आहे, तीही नाही.

रिकॉइल पुढे जातो आणि त्याच रुळावरून उलटा परत येतो. तो तू एकच धरलास, शाबास. ड्रॅगन ट्रेनबद्दल मला आधी तुला दोन गोष्टी विचारायच्यात.

कुलकर्णी काकू (बी-१०१): मग माथेरानची गाडी चालेल का गं? तीही रुळावरूनच जाते. १९०७ पासून धावतेय.

मृण्मयी (ए-२०३): काकू, हाच तर कळीचा प्रश्न आहे. माथेरानच्या गाडीला इंजिन शेवटपर्यंत ओढतं. कोस्टरला एकदा उंचावर नेलं की पुढचं सगळं त्या उंचीच्या जिवावर. नायट्रोला साखळी साधारण ४० मीटर वर ओढते. ती खटखट संपली की मग मोटर नाही, काही नाही. ताशी १०५ किलोमीटरचा वेग, पाच वेळा उलटं होणं, सगळं त्या एका चढणीतून येतं. म्हणून तर ती चढण एवढी हळू वाटते.

अभिजित (सी-४०४): पण अबू धाबीचा फॉर्म्युला रोसा? आम्ही गेलो होतो. तिथे सुरुवातीला चढणच नाही. गाडी नुसती ढकलतात आणि ताशी २४० किलोमीटर. मग तो बाद?

मृण्मयी (ए-२०३): नाही अभिजितदादा, तो पक्का धरायचा. सुरुवातीच्या काही सेकंदांत धक्का देतात आणि सोडून देतात. साखळीने उंची दिली काय किंवा धक्क्याने वेग दिला काय, एकदा दिलेल्या शिदोरीवर पुढचा प्रवास करायचा. वाटेत एखाद्या ठिकाणी पुन्हा साखळी किंवा धक्का आला तरी हरकत नाही. सतत मोटर चालू असेल तर मात्र तो पॉवर्ड कोस्टर. जगभरचे कोस्टर नोंदवणारा रोलर कोस्टर डेटाबेस १९९६ पासून आहे, तिथेही पॉवर्ड हा प्रकार वेगळा दाखवतात. काही लोक तेही आकड्यात धरतात. मी धरत नाही, पण फेकूनही देत नाही. डायरीच्या मागच्या पानावर त्यांची वेगळी यादी आहे.

देसाई (सेक्रेटरी): उद्या सकाळी १० ते ४ टाकी साफ करायची आहे. तिन्ही विंगचं पाणी बंद राहील. कृपया भरून ठेवा.

मृण्मयी (ए-२०३): ओम, आता सांग. ड्रॅगन ट्रेन चढावर चढताना साखळीची खटखट ऐकू आली का? आणि किती राऊंड झाले?

वैशाली (बी-३०२): तो म्हणतो, खटखट नाही, घुर्रर असा आवाज येत होता, पूर्ण वेळ. आणि राऊंड चार झाले. मुलं ओरडायला लागली तशी त्या काकांनी अजून दोन दिले, गाडी थांबलीच नाही.

मृण्मयी (ए-२०३): मग मोटर गाडीतच होती. मागचं पान. पण ओम, तू आवाज लक्षात ठेवलास हे मला आठ कोस्टरांपेक्षा जास्त आवडलं. तुझे झाले तीन: नायट्रो, गोल्ड रश, रिकॉइल. मागच्या पानावर एक.

वैशाली (बी-३०२): तोंड पाडून बसलाय. पण वहीत रेघा मारतोय. पट्टी घेऊन.

स्नेहल (ए-५०१): आता ईशानचे सांग. सिंगापूरचा बॅटलस्टार गॅलॅक्टिका दोन धरलेत त्याने. वैशालीचं म्हणणं, नाव एक तर कोस्टर एक. शिवाय नायट्रो आणि गोल्ड रश.

मृण्मयी (ए-२०३): ईशानचं बरोबर आहे. तिथे दोन वेगळे रूळ आहेत. ह्युमनमध्ये रुळावर बसून जायचं, सायलॉनमध्ये रुळाखाली लटकून. दोन्हींत बसला असेल तर दोन. ईशान, तिथे ममीच्या राईडमध्ये बसलास का रे? अंधारातली?

स्नेहल (ए-५०१): हो, बसला. पण ती घरातली राईड म्हणून सोडून दिली म्हणे. ट्रान्सफॉर्मर्सही सोडली.

मृण्मयी (ए-२०३): ट्रान्सफॉर्मर्स सोडली ते योग्य, तिथे पडदा आणि हलणारी गाडी आहे. पण ममी कोस्टरच आहे. छप्पर असलं म्हणून काय झालं? ईशान, तुझे पाच.

वैशाली (बी-३०२): अरे देवा. आता पाच विरुद्ध तीन. 😔

स्नेहल (ए-५०१): आणि आमची अन्वी? ती खोपोलीला गोल्ड रशमध्ये बसली, दांडा खाली आला, आणि सुरू व्हायच्या आत रडून उतरली. तिला एक द्यायचा का? लहान आहे गं.

मृण्मयी (ए-२०३): नको ताई. बसून गाडी सुटली पाहिजे आणि फेरी पूर्ण झाली पाहिजे. तिला आज फुकटचा एक दिला तर ज्या दिवशी ती खरंच बसेल, त्या दिवसाचा तिचा पहिला आपण काढून घेतल्यासारखं होईल.

अभिजित (सी-४०४): गोल्ड रश मुळात धरायचाच का? लहान मुलांचा आहे तो. मी डोळे मिटून बसू शकतो.

मृण्मयी (ए-२०३): धरायचा. भीती वाटली की नाही, हा नियम नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला १८८४ साली लामार्कस थॉम्पसनने जो स्विचबॅक रेल्वे सुरू केला, त्याचा वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर होता. आपली सायकल त्याहून जोरात जाते. पाच सेंट तिकीट होतं. पलीकडच्या टोकाला पोचलं की लोक उतरायचे, कामगार डबा परत चढवून ठेवायचे आणि मग परतीचा प्रवास. आजचे सगळे कोस्टर ज्यांच्या पोटी जन्मले त्यांतला तो एक. तो कोस्टर असेल तर गोल्ड रशला कमी लेखायचा आपल्याला अधिकार नाही.

अभिजित (सी-४०४): पटलं. मग माझेही दोन वाढले. 👍 अजून एक. दोन गाड्या शेजारी शेजारी धावतात, शर्यतीसारख्या, त्यांचं काय?

मृण्मयी (ए-२०३): साधारणपणे रूळ दोन तर कोस्टर दोन. डिस्नेलँडच्या मॅटरहॉर्नला, १९५९ चा आहे तो, एकाच डोंगरात दोन रूळ गुंफलेत. तिथे दोन धरणारे आहेत, एक धरणारेही आहेत. मी बसले तर दोन धरीन.

पण मँचेस्टरला होते तेव्हा ब्लॅकपूलचा ग्रँड नॅशनल केला, त्याने माझी दोन दिवस झोप उडवली. १९३५ चा लाकडी कोस्टर. दोन गाड्या शर्यत लावून सुटतात. मी डावीकडून बसले आणि परत आले ती उजवीकडच्या फलाटावर. आधी वाटलं माझंच काही चुकलं. मग लक्षात आलं, रूळ दोन दिसतात पण आहे एकच, सलग. एका बाजूची फेरी संपते तिथे दुसऱ्या बाजूची सुरू होते. मी दोन्ही बाजूंनी बसले आणि नोंद एकच केली. सोबतच्या एका मुलीने दोन केल्या. तिचंही चूक म्हणणार नाही, अर्धा रूळ तिने खरोखर पहिल्यांदाच पाहिला होता.

सावंत काका (सी-१०४): वाचतोय सगळं. एक शंका. कोस्टर पाडून तिथेच नवा बांधला तर? आपल्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग डोक्यात आहे म्हणून विचारतो.

मृण्मयी (ए-२०३): काका, अगदी चपखल विचारलंत. टेक्सासला १९९० चा टेक्सास जायंट लाकडी होता. २०११ मध्ये त्याच सांगाड्यावर स्टीलचा रूळ टाकून, चढउतार बदलून न्यू टेक्सास जायंट सुरू झाला. प्लॉट तोच, नावही जवळजवळ तेच, पण घर नवं. जुन्यात बसलेल्याने नवा वेगळा धरावा असं मला वाटतं. नुसता रंग दिला, काही रूळ बदलले, तर ते प्लास्टर आणि लीकेजचं काम. त्याने घर बदलत नाही.

आणि उलट, कोस्टर उचलून दुसऱ्या गावी नेला तर तो जुनाच. ट्रकमधून कपाट हलवलं म्हणून कपाट नवं होत नाही.

वैशाली (बी-३०२): ओम विचारतोय, ताईचा पहिला कोणता? डायरीचं पहिलं पान दाखव म्हणतो.

मृण्मयी (ए-२०३): 📷 हे घे. "१. एस्सेलवर्ल्ड, गोराई. डिसेंबर १९९८. सोसायटीची सहल." पहिलीत होते. आता तिथल्या राईड बंद झाल्यात, पण कोस्टर बंद झाला म्हणून नोंद जात नाही. एकूण ५२.

सावंत काका (सी-१०४): मनू, एक सांगू का बाळा? मनाला लावून घेऊ नकोस. ती सहल मीच काढली होती. आल्बम काढून बघितला. 📷

कुलकर्णी काकू (बी-१०१): अगं बाई, किती लहान सगळी! तो लाल स्वेटर मीच विणला होता मनूला.

मृण्मयी (ए-२०३): काका, हा फोटो मी कधीच पाहिला नव्हता. मी कठड्याला टेकून उभी आहे. दोन्ही हातांत दादाच्या चपला आहेत.

सावंत काका (सी-१०४): हो. चपला काढून बसायचं होतं. तुझा दादा, माझा मुलगा, वरच्या मजल्यावरचे दोघे, सगळे बसले. तुला काठीपाशी उभं केलं आणि तू चार बोटं कमी भरलीस. तिथला माणूस चांगला होता, समजावून सांगत होता तुला.

मृण्मयी (ए-२०३): पण मला वारा आठवतो काका. मांडीवरचा दांडा आठवतो, त्याचा रंग उडालेला होता. गाडी खाली येतानाचा आवाज तर आत्ताही येतो कानात.

सावंत काका (सी-१०४): कठड्याजवळ वारा येतच होता गं. अगदी बाजूने जायची गाडी. दांडा तू हात घालून बघितलास, गाडी रिकामी उभी असताना. बाबांनी उचललं होतं तुला.

कुलकर्णी काकू (बी-१०१): नंतर दुसऱ्यांदा बसली असेल?

सावंत काका (सी-१०४): नाही हो वहिनी. परतीची लाँच गाठायची होती. जेट्टीवर मी सगळी डोकी मोजत होतो.

मृण्मयी (ए-२०३): दोन मिनिटं द्या मला.

वैशाली (बी-३०२): मनू, राहू दे गं. २७ वर्षं झाली. कोण विचारतंय?

मृण्मयी (ए-२०३): ओम विचारतोय ताई. मी त्याचे पाच खोडले, अन्वीला एक दिला नाही. 📷 खोडलं. ५१. आता पहिला नायट्रो, २०१३.

वैशाली (बी-३०२): ओमने फोटो मोठा करून बघितला. ताईने पट्टी वापरली नाही म्हणतो. त्याचं रडणं थांबलंय.

मृण्मयी (ए-२०३): काका, फोटोत बाबा माझ्या शेजारी उभे आहेत. ते का नाही बसले? ते तर उंच आहेत.

सावंत काका (सी-१०४): त्यांचं तिकीट होतं की. तुला एकटीला कोणापाशी ठेवणार? मी म्हटलं होतं, मी थांबतो, तुम्ही जा. नाही म्हणाले.

मृण्मयीचे बाबा (ए-२०३): तू रडत होतीस. पुढच्या वर्षी दोघं बसू म्हटलं होतं मी. मग सहल निघाली नाही.

मृण्मयी (ए-२०३): बाबा, तुम्ही ग्रुप वाचता? तुमचे किती झालेत?

मृण्मयीचे बाबा (ए-२०३): एकही नाही.

देसाई (सेक्रेटरी): रविवारच्या खोपोलीच्या बसमध्ये तीन सीट शिल्लक आहेत. सकाळी ६:३० ला गेटवर. पायात घट्ट बसणारे बूट घाला, चपला नकोत. नावं आज रात्रीपर्यंत द्या.

मृण्मयी (ए-२०३): देसाई काका, ए-२०३ मधून अजून एक नाव लिहा.

मृण्मयीचे बाबा (ए-२०३): नायट्रो मला नको. तो गोल्ड रश मोजतात ना?

मृण्मयी (ए-२०३): मोजतात बाबा.