मदत हवी आहे: अटॅकनंतर इकोत फुगा, अ‍ॅन्युरिझम की स्यूडो?

प्रतिध्वनी: अटॅकनंतरचा पेशंट, ईएफ (हृदयाची पंपिंग क्षमता) 35 टक्के, इकोत एलव्हीच्या (हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या) भिंतीला फुगा. एक जण खरा अ‍ॅन्युरिझम (भिंतच पातळ होऊन फुगलेली) म्हणतोय, दुसरा स्यूडो (भिंत फाटून बाहेर साचलेलं रक्त). एमआरआय की सीटी? संध्याकाळपर्यंत ठरवायचंय.

निळीशाई: कुठली भिंत? कितवा दिवस? फुग्याची मान (तोंड) किती, पोट किती?

प्रतिध्वनी: इन्फेरोबेसल (खालची भिंत, झडपेजवळ), बारावा दिवस. मान 18 मिमी, आतला मोठा व्यास 46.

निळीशाई: मान-पोट गुणोत्तर 0.39. 0.5च्या खाली म्हणजे स्यूडोचा संशय. खऱ्याची मान फुग्याएवढीच रुंद, 0.9 ते 1. जागाही स्यूडोचीच, खरा बहुधा एपेक्सला (हृदयाच्या टोकाला) किंवा पुढच्या भिंतीला. पण इन्फेरोबेसल खऱ्याची मानही कधी अरुंद असते, त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका. टू-चेंबर आणि सबकॉस्टल या इकोच्या दोन्ही कोनांत मोजा, तिरक्या कापात मान चुकीची येते. मानेच्या कडेला मायोकार्डियम (हृदयाचा स्नायू) एकदम तुटतंय का? कलर डॉपलर लावून सिस्टोलला (आकुंचनात) फुग्याच्या आत, डायस्टोलला (प्रसरणात) बाहेर असा प्रवाह आहे का?

तीनटेस्ला: एमआरआयच करा. गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट) दिल्यावर 10-15 मिनिटांनी घेतलेल्या चित्रांत स्यूडोच्या भिंतीत मायोकार्डियम नसतं, पेरिकार्डियम (हृदयाभोवतीचं आवरण) चमकतं. टीआय (इन्व्हर्जन टाइम, स्कॅनचं एक सेटिंग) 500-600 मिलिसेकंद ठेवला की गुठळी काळीच राहते, चुकायला जागा नाही.

गेटेड_सीटी: दम लागलेला पेशंट पाऊण तास आडवा राहील का? श्वास धरता आला नाही तर सगळी चित्रं वाया. ईसीजी-गेटेड (ठोक्यांशी जुळवून घेतलेली) सीटी काही मिनिटांत होते, मान आणि कोरोनरीशी असलेलं नातं सर्जनला एकदमच मिळतं. क्रिएटिनिन किती, कॉन्ट्रास्ट किडनीला झेपेल का?

रामबाण: स्टेंट टाकला असेल तर सहा आठवडे एमआरआय नको.

तीनटेस्ला: हा जुना गैरसमज आहे. कोरोनरी स्टेंट असताना 3 टेस्लापर्यंत लगेच करता येतो. आणि स्टेंटचं कुणी विचारलंही नव्हतं.

प्रतिध्वनी: क्रिएटिनिन 1.9. फुग्यात गुठळी आहे, हेपॅरिन (रक्त पातळ करणारं औषध) सुरू करू?

रामबाण: गुठळी आहे ना, मग करा. स्ट्रोक झाला तर?

निळीशाई: थांबा! स्यूडोला बाहेरून फक्त पेरिकार्डियम आणि गुठळीच धरून असते. पेरिकार्डियममध्ये पाणी आहे का?

प्रतिध्वनी: मागे 9 मिमी. कालच्या इकोत नव्हतं.

निळीशाई: हे पहिल्याच ओळीत हवं होतं. नवं पाणी म्हणजे गळती धरूनच चाला. हेपॅरिन नको. सर्जनला आत्ता फोन करा, रक्त क्रॉसमॅचला पाठवा, बीपी चढू देऊ नका.

गेटेड_सीटी: बीपी टिकून असेल तरच सीटी, तीही ओटीच्या वाटेवर. क्रिएटिनिन 1.9 साठी अडू नका. बीपी पडलं तर तेवढ्या इकोवरच ऑपरेशनला घ्या.

तीनटेस्ला: या पेशंटला एमआरआय नको, मान्य.