१९३८ चा इंग्रजी भाडेपट्टा: ‘डिमाइज’, ‘मेस्युएज’, ‘रेलिक्ट’ या शब्दांचे अर्थ हवेत

अडतवाल्यांची_नात:

नमस्कार मंडळी. शाहूपुरीत आमची पणजोबांपासून गुळाची अडत होती. आता घरात वाटणीचं बोलणं सुरू आहे म्हणून जुने कागद काढले, त्यात १९३८ चा इंग्रजी भाडेपट्टा सापडला. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं आमचं गोदाम भाड्यानं घेतलं होतं, मसुदाही तिकडच्याच वकिलाचा दिसतोय. मी दिवसभर ऑफिसात इंग्रजीच लिहिते, तरी पहिल्या पानावरच अडले.

पणजोबांच्या नावानंतर लगेच ‘डथ हिअरबाय डिमाइज’ असं आहे. डिक्शनरीत डिमाइज म्हणजे मृत्यू. पण शेवटच्या पानावर तर त्यांची मोडीतली सही आहे! पुढे ‘मेस्युएज’, ‘अनडिव्हायडेड मोइटी’, एका बाईच्या नावापुढे ‘रेलिक्ट’. सोबतच्या पत्रात ‘ट्वेंटी एट्थ अल्टिमो’. आणि गोदामात ‘टू हंड्रेड कँडीज’ ठेवायची मुभा दिलीय. गुळाच्या गोदामात गोळ्या-चॉकलेटं कशाला? दिवाळीनंतर सगळे एकत्र बसणार आहेत, त्याआधी मला हे नीट समजून घ्यायचंय.

दस्तवाले_काका:

ताई, कुणी वारलेलं नाही, काळजी सोडा. मी कोर्टाच्या आवारात बसून आयुष्यभर दस्त लिहिले. असले कागद घेऊन लोक यायचे आणि पहिला प्रश्न हाच असायचा.

दस्तातलं ‘डिमाइज’ म्हणजे भाडेपट्ट्यानं देणं. शब्दाचा मूळ भाव सोडून देणं, हवाली करणं असा आहे आणि मालमत्ता दुसऱ्याच्या हवाली करणं हाच त्याचा जुना अर्थ. राजा गेला की गादी त्या क्षणी वारसाकडे जाते, त्या हस्तांतराला इंग्लंडात ‘डिमाइज ऑफ द क्राउन’ म्हणत आले. तिथून तो शब्द साध्या माणसाच्या मरणालाही लागला. म्हणजे मरण हा मागाहून चिकटलेला अर्थ. तुमच्या दस्ताच्या दोनच वर्षं आधी, डिसेंबर १९३६ मध्ये, आठव्या एडवर्डनं गादी सोडली. माणूस जिवंत, धडधाकट, तरी त्यासाठी केलेल्या कायद्यात ‘डिमाइज ऑफ द क्राउन’ असंच लिहिलं. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण त्यानंतर कुणाला शंका राहत नाही. आजच्या इंग्रजी भाडेकरारातसुद्धा ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ लिहितात, म्हणजे भाड्यानं दिलेली जागा.

‘मेस्युएज’ म्हणजे घर आणि घराला लागून असलेलं सगळं: सोपा, गोठा, अंगण, परडं. नुसत्या चार भिंती नव्हेत. म्हणून गोदामाबरोबर मागचं परडं दिलं होतं का, हे त्या शब्दाच्या आजूबाजूला वाचा. चतुःसीमा शेवटच्या ‘शेड्यूल’मध्ये असतात, तिथं पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर बघा.

‘अल्टिमो’ म्हणजे गेल्या महिन्याचा. पत्र जूनमधलं असेल तर २८ मे. ‘इन्स्टंट’ दिसलं तर चालू महिना, ‘प्रॉक्झिमो’ म्हणजे पुढचा.

आता खरं महत्त्वाचं. ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा, मागे राहिलेली बायको. आपल्या जुन्या कागदांत गं. भा. लिहायचे, तसं. ‘मोइटी’ म्हणजे निम्मा हिस्सा आणि ‘अनडिव्हायडेड’ म्हणजे वाटप न झालेला. पूर्वेकडचं निम्मं की पश्चिमेकडचं, हे त्यात ठरलेलं नसतं, अख्ख्या जागेत दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. या बाई जर पणजोबांच्या भावाच्या पत्नी असतील आणि निम्मा हिस्सा त्यांच्या नावावर असेल, तर त्यांची शाखा आज कुठं आहे हे बैठकीआधी शोधा. ‘व्हेअरॲज’नं सुरू होणारे परिच्छेद असतात ना, त्यात कुणाला काय कुठून आलं ते लिहिलेलं असतं. लोक तेच गाळून भाड्याच्या आकड्यावर जातात. मग सिटी सर्व्हेतून मालमत्ता पत्रक काढा आणि दोन्ही कागद घेऊनच वकिलाकडे जा. नव्वद वर्षांपूर्वीच्या भाडेपट्ट्यावरून आजची मालकी ठरत नाही, पण त्या घरात कोण कोण होतं ते त्यातून कळतं.

इतिहास_विभाग_विद्यानगर:

कँडीज म्हणजे आपली खंडी! वीस मणांची. इंग्रजांनी ‘खंडी’चं कँडी केलं. दोनशे खंडी गूळ ठेवायची मुभा असा अर्थ. मात्र मण गावागणिक आणि मालागणिक वेगळा असायचा. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे तिथली खंडी ५६० पौंड. दस्तात कुठलं माप धरलंय ते बघितल्याशिवाय किलोत हिशेब करू नका.

इंग्रजी वेशात आपलेच शब्द दिसले तर विल्सनची १८५५ ची महसुली-न्यायालयीन शब्दांची ग्लॉसरी आणि १८८६ चं हॉब्सन-जॉब्सन बघा, दोन्ही इंटरनेटवर मोफत आहेत. कोल्हापूरचं जुनं गॅझेटिअरही १८८६ चंच. त्यात ‘एलियनेटेड’ जमिनी भेटतात. त्या म्हणजे इनाम जमिनी, ज्यांचा सारा सरकारनं दुसऱ्याला सोडून दिलेला. तुमच्या दस्तात तो शब्द आला तर दुरावलेली असा अर्थ लावू नका.

अडतवाल्यांची_नात:

काका, ‘व्हेअरॲज’ वाचले. त्या बाई पणजोबांच्या थोरल्या भावाच्या पत्नी निघाल्या! घरात त्यांचं नाव कधी कुणी काढलेलं मी ऐकलं नाही. खाली त्यांचा अंगठा आहे आणि शेजारी ‘हर मार्क’. आईला विचारलं तर म्हणाली, त्यांचं माहेर गडहिंग्लजकडचं होतं, लेक तिकडेच दिलेली. वरती ‘धिस इंडेंचर विटनेसेथ’ आणि मध्ये ‘बाय दीज प्रेझेंट्स’ आहे, त्याचा हिश्श्याशी काही संबंध?

दस्तवाले_काका:

नाही. ‘दीज प्रेझेंट्स’ म्हणजे हाच दस्त, भेटवस्तू नव्हे. ‘विटनेसेथ’ म्हणजे हा दस्त साक्ष देतो की. आणि इंडेंचर म्हणजे दातेरी कापलेला कागद. पूर्वी एकाच कागदावर दोन प्रती लिहून मधून वेड्यावाकड्या कापत, दाते जुळले तरच दस्त खरा. पुढे कापणं गेलं, नाव तेवढं उरलं.

अंगठा आहे म्हणजे त्या स्वतः दस्ताला उभ्या होत्या. गडहिंग्लजला आधी फोन करा ताई, बैठकीची तारीख नंतर धरा.