केस लढायची की सोडायची हे एकच माणूस ठरवणार आणि कोर्ट त्यात बघणारही नाही?

हमालपुत्र:
अमेरिकेच्या लेबर बोर्डाबद्दल वाचत होतो, डोकं फिरलं. युनियन करतो म्हणून काढलं तर कामगाराने बोर्डाकडे तक्रार द्यायची, पण ती केस म्हणून उभी करायची की नाही हे जनरल काउन्सेल नावाचा साहेब ठरवणार. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने हा शेवटचा अधिकार त्यालाच दिलाय. १९८७ मध्ये तर काउन्सेलने केस उभी केली, मग सुनावणीआधीच मालकाशी तडजोड करून मागे घेतली, तक्रार करणारी युनियन नको नको म्हणत राहिली, आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं आम्हाला यात पडता येत नाही. बरं राज्याच्या कोर्टात जावं तर १९५९ च्या गारमन निकालाने तेही दार बंद. मग माणसाने जायचं कुठे?

तारीख_पे_तारीख:
अहो पण वर्षाला वीस हजाराच्या आसपास तक्रारी येतात तिथे, प्रत्येक नकारावर कोर्टबाजी सुरू झाली तर बोर्डाचे वकील खऱ्या केसेस कधी लढणार? आणि एक विसरताय, मालकही युनियनविरुद्ध तक्रारी देतात. कोर्टाचं दार उघडलं की आधी आत शिरणार त्यांचे महागडे वकील, तुमचा हमाल नाही.

हमालपुत्र:
मालकांचा मुद्दा मान्य. पण आपल्याकडे बघा ना, महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा, कलम २८, ९० दिवसांत कामगार स्वतः लेबर कोर्टात तक्रार टाकू शकतो, मधे कुठल्या साहेबाची परवानगी नाही.

तारीख_पे_तारीख:
टाकू शकतो हो, पुढे वकिलाची फी कोण देतं? आणि वर्षं किती जातात ते कामगाराच्या बायकोला विचारा. तिकडे एकदा केस उभी राहिली की बोर्डाचा वकील फुकटात लढतो.

चहा_कमी_साखर:
उभी राहिली तर! तो काउन्सेल राष्ट्राध्यक्षाचा माणूस. २०२१ मध्ये बायडेन आले त्याच दिवशी आधीचे काउन्सेल रॉब यांना घालवलं, २०२५ मध्ये ट्रम्पनी बायडेनच्या काउन्सेल आब्रुझो बाईंना काढलं. म्हणजे तीच तक्रार एका वर्षी केस आणि पुढच्या वर्षी रद्दी, असंही होऊ शकतं.

मधला_मार्ग:
सगळं नका उघडू, थोडी फट ठेवा की. युनियनच्या निवडणुकीतल्या घोळाबद्दल तिथलाच १९७५ चा डनलॉप विरुद्ध बाचोव्स्की निकाल आहे, त्यात कोर्ट म्हणालं की खटला भरत नसाल तर मजूर खात्याच्या मंत्र्याने लेखी कारणं द्यावीत, आम्ही तेवढीच वाचू, पुरावा उकरणार नाही. काउन्सेलच्या नकारालाही तसं करायला काय हरकत आहे?

हमालपुत्र:
कारणं तर काउन्सेलचं ऑफिस आत्ताही लिहून देतं राव. अपील करायचं तर तेही त्यांच्याच वॉशिंग्टनच्या ऑफिसात, म्हणजे सुनेची तक्रार सासूकडून आजेसासूकडे.