फार्मसीतलं समुपदेशन मोजायचं कसं? एम.फार्म. प्रबंधासाठी मदत हवी

तिसवाडीची_बाय

नमस्कार. एम.फार्म., फार्मसी प्रॅक्टिस, तिसरं सेमिस्टर. विषय असा: गोव्यातल्या फार्मसींमध्ये गिऱ्हाइकाला औषधाबद्दल कितपत समजावून सांगितलं जातं.

आताचा आराखडा म्हणजे 30 विधानांची प्रश्नावली, ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय, गुगल फॉर्म, आणि लिंक फार्मासिस्टांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. पायलटमध्ये क्रॉनबॅक अल्फा 0.84 आला. पण ‘मी प्रत्येक रुग्णाला डोस आणि दुष्परिणाम समजावतो’ या विधानाला जवळजवळ सगळेच सहमत! गाईड म्हणतात, सगळे ‘हो’च म्हणणार असतील तर तू शोधलंस काय?

शंका तीन. प्रश्नावली सुधारून काम भागेल का? सिम्युलेटेड पेशंट (खरं गिऱ्हाईक भासवून पाठवलेली प्रशिक्षित माणसं) वापरायचे तर एथिक्स कमिटी परवानगी देईल का, कारण दुकानदाराला आधी सांगता येत नाही? आणि नमुना किती घ्यायचा? कुणी 384 सांगतं, कुणी 100.

आकडेमोड

अल्फा 0.84 म्हणजे तुमची विधानं एकमेकांशी जुळतात, एवढंच. सगळे एकाच दिशेने बढाई मारत असतील तरी अल्फा चांगलाच येतो. काय बोलायला हवं हे फार्मासिस्टला ठाऊक आहे की नाही, ते प्रश्नावलीतून कळतं. तो प्रत्यक्ष काय बोलतो ते काउंटरवरच कळतं. म्हणून प्रश्नावली सुधारत बसू नका. ती दहा प्रश्नांवर आणा आणि ‘काय माहीत आहे’ एवढ्यापुरतीच ठेवा.

वागणूक मोजायला सिम्युलेटेड पेशंटची पद्धत आपल्याकडे वापरून झालेली आहे. दिल्ली, मुंबई आणि पाटण्यातल्या 622 औषध दुकानांत प्रशिक्षित माणसं क्षयाची लक्षणं घेऊन गेली, सुमारे 1200 भेटी झाल्या. 2016 मध्ये ‘द लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये ते छापून आलं. नुसती लक्षणं सांगितली तेव्हा योग्य वर्तन, म्हणजे प्रतिजैविक किंवा स्टेरॉइड न देता डॉक्टरकडे पाठवणं, 13 टक्के भेटींत दिसलं. क्षय असल्याचा लॅब रिपोर्ट दाखवला तेव्हा ते 62 टक्क्यांवर गेलं. आणि क्षयाची पहिल्या फळीतली औषधं एकाही दुकानाने दिली नाहीत. दुकानं तीच, पण हातात कागद असला की वागणूक बदलते. असला फरक प्रश्नावलीत कधीच सापडला नसता.

नमुन्याचं: 384 हा आकडा p = 0.5 आणि चूक ±5 टक्के धरून येतो, 96 हा ±10 टक्के धरून. दोन्ही बरोबरच, तुम्हाला किती नेमकेपणा हवा त्यावर ठरवा. आपली एकूण दुकानं मर्यादित आहेत, म्हणून n ÷ (1 + (n−1)/N) (n म्हणजे वरचा आकडा, N म्हणजे एकूण दुकानं) ही दुरुस्ती लावायला विसरू नका. समजा यादीत 600 दुकानं उरली, तर 384 चे 234 होतात आणि 96 चे 83. एका विद्यार्थिनीला पेलणारा आकडा 83 चा. भेट फसेल, दुकान बंद असेल हे धरून 95 ठेवा. पण मग निकालात ‘23 टक्के दुकानांनी वय विचारलं’ एवढंच लिहून थांबू नका. 100 पैकी 23 आले तर 95 टक्के विश्वासमर्यादा 16 ते 32 अशी पडते (दुरुस्ती न लावता), ती शेजारी छापा. तालुकावार तुलनेचा मोह तर सोडाच. बारा तालुक्यांत 95 दुकानं वाटली की एकेकाच्या वाट्याला सात-आठ येतात, त्यावर कसलीच चाचणी उभी राहत नाही. किनारपट्टी, शहरी आणि आतले तालुके असे तीन थर पुरे.

आणि व्हॉट्सॲपवर लिंक टाकणं म्हणजे नमुना नव्हे. ज्याला हौस तो भरतो.

डिचोलकार

यादीबद्दल एक. अन्न व औषध प्रशासनाकडून लायसन्सची यादी मिळवाल तेव्हा ती जशीच्या तशी वापरू नका. एका किरकोळ दुकानाकडे सहसा फॉर्म 20 आणि फॉर्म 21 अशी दोन लायसन्स असतात, म्हणजे तेच दुकान यादीत दोनदा येतं आणि त्याची निवड होण्याची शक्यता दुप्पट होते. 20-बी आणि 21-बी घाऊकवाले, ते काढा. इस्पितळाच्या आतल्या फार्मसी काढा, तिथे बाहेरचं गिऱ्हाईक लक्षण सांगत येत नाही. पत्ता आणि नाव जुळवून एका दुकानाला एकच क्रमांक द्या, मगच यादृच्छिक निवड.

गोव्यात वेळेचं गणित वेगळं. दुपारी एकपासून साडेतीन-चारपर्यंत बरीच दुकानं बंद, रविवारी तर पुष्कळच. भेटी सकाळी 10 ते 12 आणि संध्याकाळी 5 ते 8 या दोन खिडक्यांत सारख्या वाटा. संध्याकाळी शेजारचा दवाखाना सुटला की काउंटरवर सहा जण उभे असतात, तेव्हा कोण काय समजावणार? म्हणून समोर किती जण उभे होते हा रकाना हवाच. पर्यटनाच्या मोसमात कळंगुट-कोलव्याची गर्दी निराळी असते. त्या पट्ट्यातल्या भेटी एकाच महिन्यात उरका, नाहीतर फरक मोसमाचा की जागेचा, सांगता येणार नाही.

बातमी फुटण्याचा धोका मोठा. आपलं राज्य एवढंसं, सगळे एकमेकांना ओळखतात. ‘कॉलेजची मुलं फिरतायत’ असा एक मेसेज पडला की दुसऱ्या दिवसापासून सगळे आदर्श वागतात. एक तालुका एका किंवा दोन दिवसांत संपवा. पेशंट म्हणून वर्गमैत्रिणी नकोत, त्यांनी तिथेच ट्रेनिंग केलेलं असतं, चेहरे ओळखीचे.

काउंटरमागचा

बनावट गिऱ्हाईक पाठवून आम्हाला पकडायचं, ही पद्धत मला मुळात आवडत नाही. पण करणारच असाल तर निदान नीट करा.

दुकानात बोलणारा माणूस फार्मासिस्टच असेल असं धरून चालू नका. नोंदणीकृत फार्मासिस्ट, मालक, मदतनीस, यांतला कोण ते लिहा. पांढरा कोट किंवा नावाची पट्टी दिसली तर तसं नोंदवा, नाहीतर ‘कळलं नाही’ हा चौथा पर्याय ठेवा. अंदाजाने ‘फार्मासिस्ट’ टिक केलं की तुमचा अख्खा प्रबंध त्या एका रकान्यात कोसळतो. फार्मसी कायदा 1948 चं कलम 42 डॉक्टरच्या चिठ्ठीवरून औषध देण्याबद्दल आहे. चिठ्ठीशिवाय मागितलेलं ओआरएस मदतनिसाने दिलं, तर तेवढ्यावरून कायदा मोडला असं लिहिता येत नाही. प्रबंधांत ही गल्लत सर्रास दिसते.

आणि कृपा करून शेड्यूल एच-1 ची (चिठ्ठीवरच मिळणारी, कडक नियंत्रणातली) औषधं मागायला कुणाला पाठवू नका. 2014 पासून त्यांचं वेगळं रजिस्टर आहे: डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. तुमच्या खोट्या पेशंटचं खोटं नाव तिथे चढलं तर उद्या इन्स्पेक्टरला उत्तर दुकानदाराने द्यायचं?

बांबोळी_वळण

एथिक्सचं सांगते. आयसीएमआरच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत संमतीला सूट आणि तात्पुरती लपवाछपवी, दोन्हींना जागा आहे, पण समितीला कारण पटवावं लागतं. अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहा: सांगून गेलं तर वागणूक बदलते म्हणून दुसरी पद्धत चालत नाही; दुकानाला धोका किरकोळ; नंतर खरं सांगणार; आणि त्यानंतर कुणी नको म्हटलं तर त्याची माहिती काढून टाकणार. समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, हे आधी बघून घ्या. 2019 च्या नियमांनुसार ते लागतं.

समिती तरीही अडली तर मधला मार्ग आहे. निवडलेल्या सगळ्या दुकानांना पत्र द्या: येत्या तीन महिन्यांत केव्हातरी अभ्यासासाठी एक व्यक्ती गिऱ्हाईक म्हणून येईल, नको असेल तर कळवा. दिवस सांगायचा नाही, विषय सांगायचा नाही. पत्रानंतर निदान दोन-तीन आठवडे जाऊ द्या. भेटी संपल्यावर विचारा, ‘तुम्हाला कुणाचा संशय आला होता का, कोणत्या दिवशी?’ ओळखलेल्या भेटींचं प्रमाण प्रबंधात द्या आणि त्या वगळूनही एकदा निकाल काढून दाखवा. काउंटरमागचा यांचा राग या पत्राने थोडा तरी शमेल. दुकानाचं नाव फक्त कोडच्या यादीत, ती यादी गाईडच्या कपाटात, आणि कुठल्याही कार्यालयाला दुकानवार निकाल द्यायचा नाही, हे अर्जातच लिहून टाका.

आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी मागा. मी तरी मागणार नाही. फॉर्म दहा-पंधरा मिनिटांत, दुकानापासून लांब जाऊन भरला की पुरतं.

एक सावधगिरी. मध्येच दुकानदारांना प्रशिक्षण देऊन ‘आधी-नंतर’ मोजायचं ठरवलंत तर तो हस्तक्षेप झाला. मग सीटीआरआयवर (भारतातली क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही) नोंदणी पहिला सहभागी घेण्याआधी करा, मागाहून करता येत नाही. आणि तीच दुकानं दोनदा मोजलेली असल्यामुळे साधी काय-वर्ग चाचणी नव्हे, जोडीच्या नोंदींसाठी असलेली मॅकनेमार चाचणी.

काऱ्यार_दोतोर

प्रसंग एकच घ्या आणि तो घट्ट बांधा. माझी शिफारस: दोन वर्षांचं मूल, कालपासून चार-पाच पातळ जुलाब, रक्त नाही, ताप नाही, एकदा उलटी, पाणी पितंय, लघवी होतेय. मूल घरी आहे. पहिलं वाक्य ठरलेलं, कोकणीत: ‘म्हज्या भुरग्याक कालसावन जुलाब जातात, कितें दिवचें?’ एवढंच. वय, रक्त, उलटी यांतलं काहीही विचारल्याशिवाय सांगायचं नाही. पेशंट घाबरून सगळं एका दमात ओततो, ही सगळ्यात मोठी चूक. मग दुकानदाराने काय विचारलं, ते मोजायला काही उरत नाही.

योग्य उत्तर निश्चित आहे म्हणून हा प्रसंग चांगला. ओआरएस, जोडीला झिंक 20 मि.ग्रॅ. रोज 10 ते 14 दिवस (सहा महिन्यांखालच्या बाळाला 10 मि.ग्रॅ.), खाणं-दूध चालू, आणि धोक्याची लक्षणं दिसली तर डॉक्टर. लोपेरामाइड नको, प्रतिजैविक नको. भरपूर ठिकाणी मेट्रोनिडाझोलवाला सिरप पुढे येईल, त्यासाठी वेगळा रकाना. भेट संपवायची पद्धतही ठरवून द्या: ओआरएस दिलं तर घ्यायचं आणि बिल मागायचं, चिठ्ठीवरचं औषध पुढे केलं तर ‘घरी विचारून येतो’ म्हणून निघायचं, विकत घ्यायचं नाही. नोंदीला ‘द्यायला तयार होता’ पुरतं.

ओआरएसचे दोन बारकावे चेकलिस्टमध्ये हवेतच. एक, पाकीट कितीचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं 20.5 ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यात घालायचं: सोडियम क्लोराइड 2.6, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम. 200 मि.लि.चं छोटं पाकीटही मिळतं. लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवलं तर सोडियम पाचपट होतं आणि लहान मुलाला ते घातक ठरू शकतं. म्हणून ‘किती पाण्यात’ हे आपणहून सांगितलं का, हा माझ्या मते अख्ख्या फॉर्ममधला सगळ्यात मोलाचा प्रश्न. दुसरं, पावडर दिली की फळाच्या चवीचं गोड पेय. सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला एफएसएसएआयने 2025 मध्ये मनाई केली, तरी काउंटरवर काय पुढे येतं ते बघा.

प्रत्येक मुद्द्याला तीन पर्याय ठेवा: आपणहून सांगितलं, विचारल्यावर सांगितलं, सांगितलंच नाही. पहिले दोन एकत्र केले की आकडे फुगतात. मुद्द्यांची यादी स्वतः रचण्यापेक्षा फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स 2015 मधून उचला. नाव, डोस, किती दिवस, दुष्परिणाम, साठवण, डोस चुकला तर काय, हे सगळं तिथे आहे. मग ‘हे मुद्दे कुठून आणले?’ या परीक्षकाच्या प्रश्नाला उत्तर तयार.

पेशंट दोघेच घ्या. वर्गात लुटुपुटूच्या भेटी करून दोघांना वेगवेगळे फॉर्म भरायला लावा, कप्पा (दोघांच्या नोंदी किती जुळतात त्याचं माप) 0.8 च्या वर गेल्याशिवाय बाहेर सोडू नका. कप्पा कमी आला तर माणूस बदलण्याआधी प्रश्न बदला. ‘समाधानकारक माहिती दिली’ असला प्रश्न असेल तर कप्पा कधीच वर येणार नाही.

तिसवाडीची_बाय

खूप आभार. प्रश्नावली दहा प्रश्नांवर आणते, पत्राचा मार्ग गाईडसमोर मांडते. अजून एक: शिक्षणाशी जोडता येईल का? डी.फार्म.च्या अभ्यासक्रमात समुपदेशन आहे, मग काउंटरवर ते का दिसत नाही, असं काही?

आकडेमोड

येईल, पण ‘का’ हा शब्द शीर्षकात घालू नका, या आराखड्यातून कारण सिद्ध होत नाही. हाच जुलाबाचा प्रसंग डी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना ओएससीई (ठरलेल्या प्रसंगावरची प्रात्यक्षिक परीक्षा) म्हणून द्या: सात मिनिटांचं स्टेशन, तोच पेशंट, तीच चेकलिस्ट. मग वर्गात काय जमतं आणि दुकानात काय होतं, हे एकाच फूटपट्टीने शेजारी ठेवता येतं. फक्त ती मुलं आणि ते दुकानदार वेगळे लोक आहेत, हे मर्यादांमध्ये पहिल्या ओळीत लिहा.

डिचोलकार

डी.फार्म.नंतरच्या 500 तासांच्या ट्रेनिंगपैकी 250 तरी तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवरून औषध देण्यात जायला हवेत. ओएससीईच्या मुलांना घ्यायचं तर ट्रेनिंगआधीच घ्या, आणि निवडलेल्या दुकानात पुढे कुणी ट्रेनिंगला जाणार असेल तर त्या दुकानाची भेट आधी उरका. नाहीतर प्रसंग तिथे आधीच पोचलेला असेल.

काउंटरमागचा

झिंक पुढे केलं तर सिरप 60 की 100 मि.लि., आणि 5 मि.लि.मध्ये 10 मि.ग्रॅ. की 20, तेही लिहून घ्या. 10 वालं असेल तर दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला 10 मि.लि. लागतं, म्हणजे 60 ची बाटली सहा दिवसांत संपते. ‘14 दिवस द्या’ म्हणून एकच बाटली हातात दिली, तर तुमच्या फॉर्ममध्ये ते बरोबर म्हणून चढेल.